खिडकी लावून घेणारा हिरो

आमच्या घरात शनिवारची सकाळ वाचनाची असायची. पप्पा शहरातल्या एका मराठी दैनिकात नोकरीला होते आणि रविवारच्या पुरवणीत सिनेमाचं परीक्षण लिहायचे. शुक्रवारी पहिला शो बघायचा, संध्याकाळी कागदावर उतरवायचं आणि शनिवारी सकाळी चहा झाला की तो कागद आईच्या हातात द्यायचा. आई मोठ्यानं वाचायची, पप्पा डोळे मिटून ऐकायचे. ही सवय त्यांना छापखान्यात लागली होती. देवगाव रंगारीहून शहरात आल्यावर पहिली नोकरी मिळाली ती मुद्रितं तपासायची, आणि तिथं एकानं वाचायचं, दुसऱ्यानं तपासायचं अशी पद्धत होती. तेव्हापासून त्यांचा डोळ्यांपेक्षा कानावर जास्त भरवसा. आई लासूर स्टेशनला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. चौथीच्या पोरांना धडे वाचून दाखवून तिचा आवाज चांगला खणखणीत झालेला. ती जिथं अडखळेल तिथं वाक्यात खोट आहे, असं पप्पा धरून चालायचे आणि तिथल्या तिथं पेननं काट मारायचे. गंमत अशी, की कधीकधी आई मुद्दाम अडखळायची. एखादं वाक्य तिला पटलं नाही की नेमका तिथं तिला खोकला यायचा. पप्पा एक डोळा उघडून बघायचे, आई पदर तोंडाशी धरून साळसूदपणे बसलेली असायची, आणि ते वाक्य जायचं. माझ्या लहानपणी मी त्या दोघांना भांडताना फारसं पाहिलं नाही. जे काय भांडण असेल ते या खोकल्यात उरकायचं. लोकांना वाटायचं, परीक्षण एकटे पप्पा लिहितात.

उस्मानपुऱ्यातलं घर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक गॅलरी. गॅलरीत पाण्याचे निळे ड्रम, कारण नळाला पाणी येईल तेव्हा येईल आणि आलं की सगळी गल्ली कामाला लागेल. ड्रममध्ये पाणी पडायचा आवाज आधी पोकळ असतो, मग भरत जातो, आणि तो किती भरला हे आईला स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावरून कळायचं. "मित्रे, नळी दुसऱ्यात टाक," ती भाकरी थापता थापता ओरडायची. माझं नाव संघमित्रा, पण घरात एवढं लांब नाव घ्यायला कुणाला वेळ नव्हता. स्टेशन तिथून फार लांब नव्हतं. सकाळच्या पॅसेंजरचा भोंगा ऐकू यायचा आणि त्याच्या आत आईचा डबा भरून व्हायचा. ज्वारीची भाकरी, ठेचा, असली तर एखादी भाजी. शुक्रवार तेवढा वेगळा. पप्पा सिनेमाहून येताना नान आणि मटणाचा खलिया आणायचे, डब्याच्या झाकणातून लाल तेल ओघळलेलं असायचं, आणि जेवताना पप्पा नुसते सिनेमाची गोष्ट सांगायचे. मत सांगायचे नाहीत. मत शनिवारी.

पप्पांच्या मतांविषयी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या आजोबांनी गावात चळवळीचं काम केलेलं, त्यासाठी मार खाल्लेला. पप्पा अनवाणी शाळेत गेले, वसतिगृहात राहून शिकले. आमच्याकडं जे काही होतं ते कुणी हातात आणून दिलेलं नव्हतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शांत, डोळे मिटलेली, पण तिच्याखाली बसून घरात जे बोललं जायचं ते लढण्याविषयी. नळाच्या पाण्यासाठी लढायचं, बदलीसाठी लढायचं, माझ्या गणिताच्या मार्कांसाठीसुद्धा लढायचं. सिनेमातला नायक हरला तरी पप्पांना चालायचा, लढून हरला पाहिजे एवढीच अट. मध्येच सोडून देणाऱ्या माणसाविषयी त्यांना काय वाटतं, हे त्यांचे वाचक ओळखून होते. आम्ही तर ओळखूनच होतो.

मी बारावीला होते तेव्हा आईच्या अंगात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग सलाईनमधून औषध सुरू झालं. त्याला दवाखान्यातले लोक काहीतरी इंग्रजी नाव घ्यायचे, आम्ही सलाईनच म्हणायचो. प्रत्येक सलाईननंतर आई काही दिवस भिंतीकडं तोंड करून पडून असायची, तोंडात फोड, अंगात ताप, आणि जरा बरं वाटायला लागलं की पुढच्या सलाईनची तारीख यायची. केस गेले. तिची शाळा सुटली, म्हणजे रजेवर होती, पण चौथीची पोरं तिच्या डोक्यातून जाईनात. मग एक दिवस डॉक्टरांनी पप्पांना आणि तिला समोर बसवून सांगितलं की आजार पसरलाय. आणखी सलाईन देता येतील, पण फायदा होईलच असं नाही, तुम्ही घरी बोलून ठरवा.

घरी कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना आईच म्हणाली, "मला नाय घ्यायचं आता ते. जरा ताकद आली की शाळेत जाते. पोरांची परीक्षा होईस्तवर तरी जाते. मग पडते घरात."

पप्पा भाकरी मोडत होते. ते मोडतच राहिले, ताटात नुसता चुरा झाला.

"अहो, ऐकलं का?" आई म्हणाली.

"ऐकलं," पप्पा म्हणाले आणि हात धुवायला उठले. पाच दिवसांवर मंगळवार होता, पुढच्या सलाईनचा.

त्याच शुक्रवारी तो सिनेमा लागला. नाव लिहीत नाही, त्या सुमाराला असले बरेच येत होते. परदेशी, हिंदीत डब केलेला, अंगाला घट्ट कपडे घालून आकाशात उडणाऱ्या माणसाचा. पप्पा अशा सिनेमांना नाक मुरडत जायचे. पण त्या दिवशी आई म्हणाली, "मी पण येते." ती त्यांच्या कामाच्या सिनेमाला कधी आलेली नव्हती, तिला वेळच नसायचा. पप्पा म्हणाले गर्दी असते, पोरं आरडाओरडा करतात, तुला सोसायचं नाही. आईनं तोवर डोक्याला स्कार्फ गुंडाळला होता. मलाही कॉलेज बुडवून सोबत घेतलं. आम्ही तिघं रिक्षातून गेलो आणि मला आठवतं, ती मध्ये बसली होती आणि खड्डा आला की आम्ही दोघं दोन्हीकडून तिला धरत होतो.

त्या सिनेमातल्या माणसाला सगळ्या शहराच्या हाका ऐकू येतात. कुठं आग लागली, कुणी बुडतंय, कुणाला लुटतायत, सगळं त्याच्या कानावर येतं, आणि ते येतं त्याच्या घराच्या एका खिडकीतून. म्हणून ती खिडकी तो कधीच लावत नाही. थंडीत बर्फ आत येतो, पडदा फडफडतो, बायको शाल गुंडाळून बसते, पण खिडकी उघडीच. बायको रोज त्याचं ताट वाढते आणि झाकून ठेवते. तो प्रत्येक वेळी उडून येतो तेव्हा थोडा अधिक खंगलेला असतो, कारण ती ताकदच त्याला आतून खात असते. शेवटी त्याला कळतं की आता थोडेच दिवस उरलेत. हाका येतच असतात. तो खिडकीपाशी जातो, बराच वेळ बाहेर बघतो आणि खिडकी लावून घेतो. मग जेवायला बसतो. बायको ताटावरचं झाकण काढते आणि सिनेमा संपतो.

थिएटरमध्ये तोवर शिट्ट्या, टाळ्या, कागदी विमानं, सगळं झालेलं होतं. खिडकी लागली तशी एकदम शांतता पसरली आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी वैतागून ओरडलं, "अबे, खिडकी कायकू बंद कर रा? लोगां मर रे ना!" सगळं थिएटर हसलं. मी आईकडं पाहिलं. उकडतं म्हणून तिनं अंधारात स्कार्फ काढून मांडीवर ठेवला होता. पडद्याच्या उजेडात तिचं गुळगुळीत डोकं दिसत होतं आणि ती हसत होती. कितीतरी दिवसांत मी तिला असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. तिच्या पलीकडं पप्पा होते. त्यांचं लक्ष पडद्याकडं नव्हतंच. ते मान वळवून तिच्याकडं बघत होते, दिवे लागेपर्यंत.

परत येताना रिक्षात आई म्हणाली, "बरं केलं त्यानं. मला तर कवाचं वाटत होतं, लाव ती खिडकी, बस की जेवायला." पप्पा बाहेर दुकानांच्या पाट्या बघत होते. त्या दिवशी त्यांनी खलिया आणला नाही, आणि जेवताना गोष्टही सांगितली नाही. ती आम्हाला माहीत होती म्हणून असेल.

शनिवारी सकाळी आईच्या तोंडातले फोड इतके वाढले होते की चहासुद्धा गार करून चमच्यानं प्यावा लागला. पप्पांनी कागद नेहमीसारखा तिच्यापुढं धरला. तिनं मान हलवली आणि माझ्याकडं बोट केलं. मग मी वाचायला बसले. आई खाटेवर उशीला टेकून होती, पप्पा खुर्चीत, डोळे मिटलेले.

सुरुवात छान होती, हे आजही कबूल करते. पप्पा चिडले की त्यांचं मराठी फार सुंदर व्हायचं. उडत्या माणसाच्या कपड्यांची चेष्टा होती, डब केलेल्या संवादांची होती. मग शेवटाविषयी आलं. मदतीच्या हाका येत असताना जो खिडकी लावून घेतो त्याला नायक म्हणायची पाळी आपल्यावर न येवो, असं होतं. दिग्दर्शकाला धाडसी शेवट दाखवता आला नाही म्हणून त्यानं जेवणाचं ताट दाखवलं, असं होतं. आणि त्याच्याखाली एक वाक्य होतं. झुंज अर्ध्यावर टाकणारा माणूस आपल्या माणसांशी बेइमानी करतो.

मी ते वाक्य घडाघडा वाचून गेले, आणि वाचून झाल्यावर मला कळलं मी काय वाचलंय. मी थांबले. आई खोकेल म्हणून मी थांबले. पप्पाही थांबलेले होते, त्यांचे डोळे मिटलेले होते पण पापण्या हलत होत्या. आता वाटतं, त्यांनीसुद्धा ते वाक्य ती खोडेल या भरवशावरच लिहिलं असणार. त्यांच्या संसाराची सगळी बोलणी अशीच व्हायची, ते लिहायचे आणि ती खोकायची. पण आई खोकली नाही. ती पप्पांच्या चेहऱ्याकडं बघत राहिली.

"पुढं?" पप्पा म्हणाले.

"हे चूक आहे," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. "काय चूक आहे?"

"शेवट. तुम्हाला शेवट कळलाच नाही, पप्पा. पहिल्या सीनपासून ते ताट झाकलेलं दाखवलंय. सगळा सिनेमा त्या ताटाचाच आहे. त्याच्या बायकोनं एकदा तरी हाक मारली का त्याला? ती मारत नाही म्हणून तिची ऐकूच येत नाही त्याला. शेवटी तो तिच्यासाठी थांबतो. त्यात बेइमानी कुठून आली?"

"सगळं शहर जळतंय आणि हा जेवतो. त्याला थांबणं म्हणायचं?"

"तुमच्यात आणि त्या पुढच्या रांगेतल्या शिट्टीवाल्यात मग फरक काय? तो पण हेच ओरडला, फुकट. तुम्हाला त्याचा पगार मिळतो."

एरवी असल्या टोमण्यावर पप्पा हसले असते. त्यांनी शांतपणे टोपण लावून पेन खिशात ठेवलं. "मित्रा, किती वर्षं मी हे काम करतोय. सिनेमा कसा बघायचा ते तू मला शिकवू नकोस."

"तुम्ही बघितलाच नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि खाली नळाला पाणी आलं होतं, ड्रममध्ये पोकळ धार पडत होती. "शेवटाला तुम्ही आईकडं बघत होतात. मी पाहिलं ना. शेवट न बघता लिहिलंय हे तुम्ही."

समीक्षकाला याहून मोठी शिवी नाही. पप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, पण फाडायचा की खिशात घालायचा हे त्यांना समजत नव्हतं. घाबरलेला बाप मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि तो घाबरलाय हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली. तेव्हा मला वाटलं ते रागावलेत.

"छापू द्या," आई म्हणाली. फोडांमुळं तिला शब्द नीट फुटत नव्हते, म्हणून ती एक एक करून बोलली. "छापू द्या तसंच. आणि मंगळवारी जाऊ आपण. घेते मी सलाईन."

"आई, तू म्हणाली होतीस..."

"व्हय, म्हनले होते." तिनं पप्पांकडं बघितलं. "तुमच्यानं व्हत नाय ना? मग घेते. ड्रम भरला बघ, मित्रे, नळी बदल."

मी गॅलरीत गेले. ड्रम खरंच भरला होता, पाणी वरून सांडत होतं. मी नळी दुसऱ्या ड्रममध्ये टाकली आणि तिथंच उभी राहून रडले. रविवारी परीक्षण आलं, त्या वाक्यासकट, एक स्टार देऊन. लोकांना फार आवडलं. सोमवारी पप्पांना रस्त्यात थांबवून लोकांनी सांगितलं, की काय झोडपलाय.

मंगळवारची सलाईन आईला सोसली नाही. ती पुन्हा उठून बसली अशी नाहीच. लासूर स्टेशनची गाडी रोज भोंगा वाजवून जात राहिली आणि चौथीच्या पोरांच्या परीक्षेआधीच ती दवाखान्याच्या वॉर्डात वारली. त्या वॉर्डाची एक खिडकी रस्त्यावर उघडायची. गाड्यांचे हॉर्न, विक्रेत्यांचे कर्णे, सगळं आत यायचं. शेवटच्या दिवसांत आईला आवाजाचा फार त्रास व्हायचा. "ती खिडकी लाव गं," ती म्हणायची. पण तिची कडी तुटलेली होती, लावली की वाऱ्यानं पुन्हा उघडायची. एका दुपारी मी डबा घेऊन पोचले तर आईला झोप लागली होती आणि पप्पा खिडकीपाशी उभे होते. तळहातानं खिडकी दाबून धरलेली. मी म्हणाले, पप्पा, जेवून घ्या, मी धरते. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. ती जागी होईपर्यंत ते तसेच उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवशीही तसेच उभे होते. त्यानंतर ती गेलीच.

मी पप्पांवर खूप वर्षं रागावून होते. माझ्या लग्नात, मुलीच्या जन्माच्या वेळी, अगदी आनंदाच्या दिवसांतसुद्धा तो राग आत कुठंतरी बसलेला असायचा. औषध नसतं घेतलं तरी आई वाचली नसती, हे मला ठाऊक आहे. पण ती तिच्या पोरांत गेली असती, तिच्या खाटेवर गेली असती. यंदा मी आईच्या वयाला मागं टाकलं, म्हणून हे लिहायला घेतलं. माझ्या नवऱ्यानं असं काही म्हटलं तर मी तरी काय करेन, हा प्रश्न आता मला पडतो, आणि त्याचं उत्तर मला आवडत नाही.

पप्पा आता माझ्याकडंच असतात. शहराचं नाव बदललं, ते दैनिक बंद पडलं, पप्पांना डोळ्यांनी वाचणं जमत नाही. सकाळचा पेपर मीच मोठ्यानं वाचते. आईची जागा तशी मी चालवते, पण आम्ही तिच्याविषयी बोलत नाही. मागच्या महिन्यात टीव्हीवर तो सिनेमा लागला. पप्पा टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसले आणि शेवटपर्यंत मान वळवली नाही. झाकण उघडल्याचा आवाज आला, नावं यायला लागली, तरी बसून राहिले.

नंतरच्या शनिवारी चहा झाल्यावर म्हणाले, "माझ्या कात्रणांत ते परीक्षण असेल बघ. काढ."

कुठलं, हे मी विचारलं नाही. कागद पिवळा झाला होता, घडीवर विरला होता. त्यांनी खुर्चीत मागं टेकून डोळे मिटले. "वाच," म्हणाले. मी वाचायला लागले. कपड्यांची चेष्टा, संवादांची चेष्टा, मग खिडकी, मग ताट. मग ते वाक्य आलं. झुंज अर्ध्यावर टाकणारा माणूस, एवढं मी वाचलं आणि मला खोकला आला. आणलेला होता की आपोआप आला, ते मलाही सांगता येणार नाही.

पप्पांनी एक डोळा उघडला. त्या डोळ्याला आता माझी आकृती तेवढी दिसते. बराच वेळ ते त्या आकृतीकडं बघत राहिले.

"काट मार तिथं," ते म्हणाले.

मी पेन आणलं. जिल्हाभर छापून गेलेलं होतं, लोकांनी वाचून कधीच विसरलेलंही असेल, तरी मारली.